शहर वाढले, वाटा खुंटल्या

पुणे शहर वाढत आहे, ही वार्ता आता कोणास नव्याने सांगावयास नको. १९९७ साली भोवतालची गावे महापालिकेच्या हद्दीत आली. २०१७ साली आणखी ११ आली. आणि २०२१ च्या जूनअखेर २३ गावांची भर पडून हद्दीचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरांच्या वर गेले. विस्ताराने बृहन्मुंबई महापालिकेसही पुण्याने त्या दिवशी मागे टाकले, आणि याचा अभिमान वाटणारे गृहस्थ आमच्या परिचयात पुष्कळ आहेत. पुढे २०२४ साली उरुळी देवाची व फुरसुंगी ही दोन गावे पुनः वगळून त्यांची निराळी नगरपरिषद करण्यात आली, तेव्हा त्या अभिमानास किंचित ओहोटी लागली असेल तर न कळे. परंतु हद्दीची रेघ पुढे सरकली म्हणजे शहर वाढले असे मानणे हे शेताचा बांध सरकविला म्हणजे पीक आले असे मानण्यासारखे आहे. रेघेच्या आत माणसे एकमेकांकडे, कामाकडे, बाजाराकडे आणि दवाखान्याकडे कशी पोचतात, हा खरा प्रश्न होय. आणि या प्रश्नाचे उत्तर आजच्या पुण्यात सायंकाळी सहा वाजता कोणत्याही हमरस्त्यावर उभे राहिल्यास आपोआप मिळते.

कोंडीवर लोक जो उपाय मागतात आणि अधिकारी जो उपाय देतात तो बहुधा एकच असतो: रस्ता रुंद करा, नाही तर त्यावर पूल चढवा. चांदणी चौकातील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात सुरुंगाने पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टात तेथे नव्या पुलांचे जाळे खुले झाले. सिंहगड रस्त्यावरील उड्डाणपूल २०२४ व २०२५ या सालांत टप्प्याटप्प्याने वाहतुकीस मिळाले. या कामांचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. पण सिंहगड रस्त्याची कोंडी का होते याचा विचार करावा. एका अंगास मुठा नदी, दुसऱ्या अंगास कालवा व टेकड्यांची ओळ. मध्ये एक रस्ता. आणि वडगाव, धायरी, नऱ्हे इकडील हजारो कुटुंबांस शहरात येण्यास मुख्यत्वे तो एकच. दुधाची पिशवी आणावयाची असो की हिंजवडीस कामावर जावयाचे असो, गाडी प्रथम त्याच रस्त्यावर येते. जो रस्ता दूरच्या वाहतुकीसाठी तोच शेजारच्या गल्लीत जाण्यासाठीही वापरावा लागत असेल, तर त्याच्यावर एक सोडून दोन मजले चढविले तरी तो भरणारच. आमचे मत असे आहे की, पुण्याच्या नव्या उपनगरांचा मुख्य रोग रस्त्यांची अरुंदी हा नसून, रस्ते एकमेकांस मिळत नाहीत हा आहे. अरुंदी डोळ्यांस दिसते म्हणून तिची ओरड होते. जी गल्ली झालीच नाही ती दिसत नाही, आणि तिच्यासाठी मोर्चाही कोणी काढीत नाही.

हे समजण्यास आपल्या जुन्या पेठा उपयोगी पडतील. पेठांचे दोष आम्हांस ठाऊक आहेत. घराला घर लागलेले, उजेड कमी, हवा कोंडलेली. १८९७ च्या प्लेगात या रचनेची किंमत पुणेकरांनी कशी मोजली हे इतिहासात नमूद आहे. तरीही पेठांत एक गुण असा होता की, तेथे वाट संपत नसे. सदाशिव, नारायण वगैरे पेशवाईत वसलेल्या पेठांचे मुख्य रस्ते बहुतांशी दक्षिणोत्तर सरळ जातात, आणि त्यांना आडव्या गल्ल्या व बोळ छेदतात. तुळशीबागेतून मंडईस जावयाचे तर एक रस्ता मिरवणुकीने अडला म्हणजे माणूस सहज दुसऱ्या बोळात शिरतो. त्यास विचारही करावा लागत नाही. याच्या पाठीशी साधे गणित आहे. चौकोनी आखणीच्या वस्तीत चार गल्ल्या पुढे आणि चार गल्ल्या बाजूस जावयाचे असल्यास, उलट न फिरता जाण्याचे एकंदर ७० मार्ग निघतात, आणि त्यांतला कोणताही दुसऱ्यापेक्षा लांब नसतो. एक ठिकाणी जलवाहिनीसाठी खणले तरी दुसऱ्या वाटा उरतात. याच्या उलट, झाडाच्या फांद्यांप्रमाणे गल्ली उपरस्त्यास, उपरस्ता हमरस्त्यास, अशी ज्या वस्तीची रचना असते तेथे कोणत्याही दोन घरांमध्ये मार्ग एकच. खोडावर घाव पडला की सगळे झाड हालते.

पेठांच्या बाहेर पहिली वाढ झाली तीही या दृष्टीने वाईट नव्हती. जुन्या भांबुर्ड्याच्या, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या, जमिनीवर नगररचना योजना झाली. तेथील मालमत्तेच्या कागदांत ‘अंतिम भूखंड’ असा जो शब्द आढळतो तो त्या योजनेचाच अवशेष आहे. प्रभात रस्त्याच्या क्रमांक घातलेल्या गल्ल्या पाहाव्या. त्यांतील कित्येक दुसऱ्या टोकास विधि महाविद्यालयाच्या रस्त्याकडे निघतात. झाडी आहे, शांतता आहे, बंगल्यांना आवार आहे, आणि तरीही पायी जाणाऱ्यास वळसा नाही. वस्ती शांत ठेवावयाची तर ती कोंडूनच घेतली पाहिजे, असे सांगणाऱ्यांनी एकदा या गल्ल्यांतून फिरून यावे.

आता बावधन, उंड्री, पिसोळी, आंबेगाव, वाघोली यांकडे वळू. येथे शहर आले ते शेताच्या पट्ट्यांवरून. वाटण्या होत होत जमिनीचे लांबट तुकडे पडलेले. एका गट क्रमांकात चार भावांची नावे. त्यांतील एकाने पट्टा विकला, बिनशेती परवाना झाला, बारा मजली चार इमारती उठल्या, चोहोंकडे उंच भिंत आली आणि हमरस्त्याच्या बाजूस एक फाटक बसले. पुढच्या वर्षी शेजारचा पट्टा विकला गेला. पुनः भिंत, पुनः एक फाटक. अशा वीस पट्ट्यांची वीस फाटके एकाच रस्त्यावर उघडतात. मागच्या बाजूने पाहिले तर दोन वसाहतींमध्ये वीतभर जाडीची भिंत असते. पण एकीतील मुलास दुसरीच्या पलीकडील शाळेत जावयाचे झाल्यास प्रथम हमरस्त्यावर येऊन, वळसा घालून, पुनः आत शिरावे लागते. हाकेच्या अंतरावर असलेल्या जागी गाडीने जावे लागते, आणि मग गाड्या फार झाल्या म्हणून आपण सर्वजण हळहळतो. मुलगा पायी गेला असता. पण त्याची वाट भिंतीने बंद केली आणि त्याच्या वाट्याची गाडी आपणच हमरस्त्यावर आणून उभी केली.

हा रोग पुण्यापुरता नाही. २०२० साली बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल या दोन विद्वानांनी जगभरातील रस्त्यांच्या नकाशांवरून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की, १९७५ पासून जगातील नव्या वस्त्यांचे रस्ते एकंदरीत अधिकाधिक तुटक होत गेले आहेत. फाटकबंद वसाहती हे त्याचे एक कारण. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की, बोलिव्हिया, आर्जेंटिना, पेरू या देशांत चौकोनी आखणीची परंपरा अद्याप टिकून आहे; आणि जर्मनी, डेन्मार्क अशा ठिकाणी मोटारीस आडवळण असले तरी पायी चालणाऱ्यास व सायकलीस सरळ वाट ठेवलेली असते. म्हणजे हे सर्व काळाच्या ओघात आपोआप घडते असे नाही. जेथील राज्यकर्त्यांनी हवे तसे घडविले तेथे ते घडले. या अभ्यासातील आम्हांस सर्वांत गंभीर वाटलेला मुद्दा असा की, रस्त्यांची ठेवण एकदा पडली म्हणजे सहसा बदलत नाही. इमारत पन्नास वर्षांनी पाडून पुनः बांधतात. गल्लीची रेघ शतकानुशतके राहते. कसबा पेठेतील बोळ याची साक्ष देतील.

आता कारणांचा विचार करू. आणि येथे कायद्याचा थोडा ऊहापोह अपरिहार्य आहे, तेवढा वाचकांनी सोसावा. पहिले कारण काळाचे. गाव शहरात येण्यापूर्वीच गावात शहर आलेले असते. ग्रामपंचायतीच्या अमलात इमारती उठतात, मग गाव महापालिकेत समाविष्ट होते, मग विकास आराखड्याचे काम सुरू होते, मग हरकती, सुनावण्या, सरकारची मंजुरी. तोपर्यंत रेघ मारण्यास जागा उरलेली नसते. २०२१ साली २३ गावे महापालिकेस दिली आणि त्यांच्या नियोजनाचा अधिकार मात्र प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविला! कचरा एकाने उचलावा आणि नकाशा दुसऱ्याने काढावा, ही वाटणी कोणाच्या डोक्यातून निघाली हे समजणे कठीण आहे. भरीला असे की, २०२२ च्या मार्चात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ज्या काळात नव्या गावांच्या वाटा ठरावयाच्या, त्याच काळात त्या गावांच्या वतीने विचारणारा निवडलेला माणूस नव्हता. आपण यास स्थानिक स्वराज्य म्हणतो.

दुसरे कारण पैशाचे. आराखड्यात रस्ता दाखविणे सोपे. त्याखालची जमीन मिळविणे अवघड. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमाप्रमाणे, आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर मालकास नोटीस देण्याचा हक्क प्राप्त होतो, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही संपादनाचे पाऊल न पडल्यास आरक्षण लोप पावते. हे कलम मालकाच्या दृष्टीने न्याय्यच आहे. कोणाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कागदावर अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारास असू नये. परंतु २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट मोबदला देणे प्राप्त झाले. हस्तांतरणीय विकास हक्क घ्या असे महापालिका म्हणते. मालक रोख रक्कम मागतो. आणि मध्ये रस्ता थांबतो. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंदीचा आखला होता. २०१८ साली कामाचा आरंभ झाला. जमीन मिळेना म्हणून शेवटी रुंदी ५० मीटरांवर आणावी लागली. १९८७ च्या आराखड्यातील उच्च क्षमतेच्या वर्तुळाकार मार्गाची गोष्ट तर आता नातवंडांस सांगण्याजोगी झाली आहे. महापालिका ज्यांना ‘मिसिंग लिंक’ म्हणते त्या तुटक्या दुव्यांच्या याद्या वरचेवर होतात. यादी होणे आणि रस्ता होणे यांत सातबाऱ्यावरील एकेक नाव उभे असते.

तिसरे कारण सर्वांत लज्जास्पद, कारण त्यास पैसा लागत नाही. २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या बहुतेक भागास लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत असा नियम आहे की, रेखांकनास परवानगी देताना लगतच्या जमिनींतील रस्त्यांशी समन्वय साधला पाहिजे. नियम चांगला आहे. मात्र तो पाळला गेला की नाही हे पाहण्यास परवाना देणाऱ्यापुढे शेजारच्या चार जमिनींचे मंजूर नकाशे एकत्र मांडलेले असावे लागतात, आणि आपली पद्धत एकेका प्रकरणाची एकेक फाईल अशी आहे. त्यातून एखाद्या विकसकाने रस्ता शेजारच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडलाच, तर इमारती पुऱ्या झाल्यावर त्याच्या टोकास फाटक बसते किंवा बाग होते. नंतर शेजारचा विकसक येतो, तेव्हा त्यास मिळण्यास रस्ताच नसतो.

यावर उपाय नवा शोधावयास नको. १९१५ साली मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा झाला. त्यातील कल्पना अशी: एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र कराव्या, त्यांतून रस्ते, बागा, शाळा यांस लागणारा हिस्सा काढून घ्यावा, आणि उरलेली जमीन नीट चौकोनी तुकडे पाडून ज्याची त्यास परत द्यावी. मालकाची जमीन घटते, पण तिला रस्ता मिळतो आणि मोल वाढते. सरकारास मोठी रक्कम मोजावी लागत नाही. एकट्यादुकट्या शेतकऱ्याचे पूर्ण शेत रस्त्यात गेले आणि शेजारी फुकट श्रीमंत झाला, असा अन्यायही होत नाही. कायदा परक्या सरकारचा, पण युक्ती शहाणपणाची. पुणे आणि अहमदाबाद ही दोन्ही शहरे तेव्हा एकाच इलाख्यात, एकाच कायद्याखाली होती. अहमदाबादने ती युक्ती अंगी लावून घेतली. वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ या काळात तेथील म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते, आणि नगररचना योजनांची परंपरा तेथे तेव्हापासून आजतागायत चालू आहे. शहराभोवतालचा ७६ किलोमीटरांचा वर्तुळमार्ग त्या परंपरेच्या बळावर उभा राहिला. आम्ही भांबुर्ड्यात आरंभ केला आणि मग ती विद्या कपाटात ठेवली. परकी सत्ता गेल्यावर तिच्या वाईट कायद्यांस आपण पुष्कळ वर्षे कवटाळून बसलो आणि हा एक चांगला होता तो मात्र विसरलो.

लोकांनी मनावर घेतल्यास काय होते याचे उदाहरण खुद्द पुण्यात आहे. हडपसरला मगर कुळातील सुमारे १२० कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन आपण होऊन एकत्र केली, कंपनी काढली, आणि मगरपट्टा वसविला. शेतकऱ्याने जमीन विकून पैसा उधळावा हा सर्वत्रचा अनुभव तेथे खोटा ठरला, आणि एकसंध जमीन असल्यामुळे आतले रस्ते सरळ व एकमेकांस मिळणारे झाले. त्या वसाहतीसही फाटके आहेत, हे खरे. ४०० एकरांची एक बंदिस्त वस्ती शहराच्या नकाशात मोठी भिंतच ठरते. पण सहकार शक्य आहे एवढे तरी त्याने सिद्ध झाले.

फाटकांची बाजू घेणारे काही आक्षेप काढतात. वाट उघडली की चोर येतील, पोरांना खेळावयास जागा राहणार नाही, परक्या गाड्या आमच्या दारांतून धावतील. यांतील शेवटचा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे: मोटारीस वाट देऊ नका, माणसास द्या. दोन वसाहतींच्या मध्ये सहा फूट रुंदीची, दिवा असलेली, खांब रोवून मोटारीस बंद केलेली वाट असली तर शाळेस जाणारे मूल, भाजी आणणारी बाई आणि सायकलवाला यांचे काम होते. चोराविषयी एवढेच म्हणतो की, ज्या गल्लीत माणसे येतात-जातात ती गल्ली उंच भिंतीमागच्या ओसाड पट्ट्याहून त्यास अधिक अडचणीची असते. उलट, एकच प्रवेशमार्ग असलेल्या वस्तीत आग लागली आणि त्या मार्गावर एखादा टँकर आडवा झाला तर अग्निशामक बंब कोठून येणार, हा प्रश्न फाटकांच्या कैवाऱ्यांनी स्वतःस विचारावा.

व्यापारी वर्गास आमचे विशेष सांगणे आहे, कारण रस्त्यांच्या प्रत्येक सुधारणेस प्रथम त्यांच्याकडून विरोध होतो असा समज आहे. गल्ल्या उघडल्या तर हमरस्त्यावरील गिऱ्हाईक पांगेल, ही भीती आहे. पण आजचा हमरस्ता पाहा. तेथील दुकानाचे भाडे सर्वांत चढे आणि गिऱ्हाइकास थांबण्यास जागा नाही. माल उतरविण्यास टेम्पो उभा केला की दंडाची पावती. लक्ष्मी रस्त्याचा व्यापार कशावर चालला? त्यास दोन्ही अंगांनी येऊन मिळणाऱ्या पेठांच्या गल्ल्यांवर; खरेदीदार पायी येऊ शकत होता म्हणून. नव्या उपनगरात किराण्याचे, शिवणकामाचे, औषधांचे लहान दुकान गल्लीत काढावे म्हटले तर त्या गल्लीतून कोणी जातच नाही. ती एका भिंतीपाशी संपते. म्हणून सगळा व्यापार हमरस्त्यावर चढ्या भाड्याने किंवा मोठ्या मॉलमध्ये जातो. जोडलेल्या गल्ल्या हे लहान व्यापाऱ्याचे भांडवल आहे, आणि त्याने ते मागितले पाहिजे.

एक इशारा मात्र येथेच देऊन ठेवतो. रस्ते जोडा, असे म्हटले की तोच शब्द उचलून वेताळ टेकडी फोडणारे रस्ते पुढे करण्याची रीत पडली आहे. बालभारतीपासून पौड फाट्याकडे टेकडीवरून रस्ता न्यावा की न न्यावा हा वाद वर्षानुवर्षे चालला. आमचे म्हणणे त्या जातीच्या रस्त्यासाठी नाही. टेकडीवरून नेलेला मोठा रस्ता दोन कोंड्यांस एकमेकींशी जोडतो. आम्ही मागतो ती दोन गल्ल्यांमधली, दोन वसाहतींमधली, दोनशे-चारशे फुटांची जोड. पहिलीत कंत्राट मोठे असते, दुसरीत ते नसते, आणि एक गाजते व दुसरी राहते याचे निम्मे कारण हेच असावे असा आमचा संशय आहे.

सबब, नव्या गावांच्या बाबतीत आमची मागणी स्पष्ट आहे. जेथे शेते अद्याप मोकळी आहेत तेथे आराखड्यातील सुट्या रस्त्यांऐवजी सबंध भागाच्या नगररचना योजना कराव्या. प्रदेश विकास प्राधिकरणाने म्हाळुंगे-माण येथे एक योजना हाती घेतली ती अपवाद न राहता रीत व्हावी. जेथे इमारती उठल्या आहेत तेथे निदान पायवाटांपुरते भूसंपादन करावे. सहा फुटांच्या पट्ट्यास लागणारा पैसा एका उड्डाणपुलाच्या जमाखर्चात सापडणारही नाही. आणि कोणत्याही रेखांकनास परवाना देण्यापूर्वी, शेजारच्या जमिनींसह त्याचा नकाशा महापालिकेने लोकांस पाहावयास खुला करावा, म्हणजे रस्ता कोठे मिळतो आणि कोठे भिंतीस टेकतो हे परवाना होण्याआधीच दिसेल.

नागरिकांस स्वतः करण्याजोगीही एक गोष्ट आहे. प्रत्येक गावाचा महसुली नकाशा भूमि अभिलेख कार्यालयात असतो, आणि त्यात जुने शिवरस्ते, गाडीवाटा व पाणंद दाखविलेले असतात. शेतकऱ्याची अडविलेली वहिवाट खुली करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने दिलेला आहे, आणि बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली होतो. शेती गेली, बैलगाड्या गेल्या, आणि पाणंद दोन वसाहतींच्या भिंतींमध्ये दडपल्या गेल्या; पण सरकारी नकाशावरून त्या पुसल्या गेलेल्या नाहीत. उंड्री, पिसोळी, नऱ्हे, वाघोली येथील रहिवाशांनी आपापल्या गावाच्या नकाशाची प्रत मागवावी, तीवरील तुटक रेघा आजच्या भिंतींशी ताडून पाहाव्या, आणि जेथे सार्वजनिक वाट भिंतीखाली गेली असेल तेथील तक्रार तहसीलदार व महापालिका या दोघांकडेही लेखी दाखल करून पोच घ्यावी.